एकशे एकाहत्तर नंबरचं इंजिन

आकडेबाई सकाळी आठ ते नऊ कुणाशी बोलत नसे. कारखान्यात नवा माणूस रुजू झाला की त्याला आधी पाणी कुठे प्यायचं ते दाखवत आणि मग आकडेबाईंचा तास कुठला ते सांगत. तो तास तिने देवाला दिला होता. कशासाठी, असं कुणी विचारलंच तर नऊनंतर ती हळू आवाजात सांगायची, "जिभेलाही रजा लागते हो. सतत कामाला जुंपली तर ती मालकावरच उलटते."

कारखान्यात आगगाड्या बनत. वीतभर लांबीची इंजिनं, हातभर लांबीचे डबे. त्यांना खेळणी म्हटलेलं मालकांना खपत नसे, मॉडेल म्हणायचं. खऱ्या इंजिनातला खिळान् खिळा त्यात असायचा, आणि घेणारा त्याच्याशी कधीच खेळायचा नाही. खोक्यातून काढायचासुद्धा नाही, कारण खोकं उघडलं की भाव निम्मा. काही इंजिनं मोजकीच निघत. ठरल्या संख्येइतकी ओतली की साचा सगळ्यांदेखत फोडायचा आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटाखाली ब्रशने नंबर घालायचा. तो नंबर गेली बावीस वर्षं एकाच हाताने पडत होता. तीन केसांचा ब्रश, पांढरं इनॅमल, श्वास रोखायचा, आकडा काढायचा, श्वास सोडायचा. म्हणून ती आकडेबाई. खालच्या ओतकामातला फोरमन रोज जिन्यात हटकायचा, "काय आकडेबाई, आज कुठला आकडा लागणार?" आणि ती म्हणायची, "जो घालीन तो."

त्या सोमवारी सव्वाआठला धाकटे मालक स्वतः जिना चढून वर आले, तेव्हाच वन्संनी पॅकिंगच्या टेबलावरून भुवई उडवली. वन्सं म्हणजे आकडेबाईची नणंद. वयाने चार वर्षांनी लहान, पण मान नात्याचा. आकडेबाईचा नवरा गेल्यापासून दोघी एकाच घरात, एकाच कारखान्यात आणि एकाच छत्रीत.

धाकट्या मालकांनी मऊ कापडात गुंडाळलेलं काहीतरी आकडेबाईपुढे ठेवलं आणि कापड उलगडलं. आत हिरवं इंजिन होतं.

हिरवी! संग्राहक तिला नुसतं हिरवी म्हणत. थोरल्या मालकांनी नऊ वर्षांपूर्वी काढलेली ही तीनशे इंजिनांची मालिका. तेव्हा एकेक नग दोन महिन्यांच्या पगाराला गेला होता. आता हिरवी घ्यायची तर आधी दारातली मोटार विकावी लागते, असं लोक म्हणत. कुठला नंबर कुणाकडे आहे याची संग्राहकांनी यादी केली होती, आणि त्या यादीत एकच जागा रिकामी होती. एकशे एकाहत्तर. कुणी म्हणे ते बोटीबरोबर बुडालं, कुणी म्हणे एका बाईने रागाच्या भरात नवऱ्याच्या अंगावर फेकलं आणि दोघंही दुरुस्तीपलीकडे गेले. जितक्या कथा वाढल्या तितका न सापडलेल्या इंजिनाचा भाव वाढला.

"गोदामात सापडलं," धाकटे मालक म्हणाले. "बाबांनी जपून ठेवलेलं दिसतंय. फक्त नंबर घालायचा राहिलाय. एकशे एकाहत्तर घाला. रविवारी संग्राहकांचा मेळावा आहे, तिथे लिलावात ठेवतोय. शुक्रवारपर्यंत खडखडीत वाळलं पाहिजे."

आकडेबाईने इंजिन उचललं, पालथं केलं. सांगाडा जुना होता, दुरुस्तीला लागेल म्हणून ठेवलेला. चाकं मात्र गेल्या महिन्यात ओतलेली. त्यांच्या कडेची भुकटीसुद्धा नीट पुसली नव्हती. तिने मालकांकडे पाहिलं. घड्याळात आठ वाजून वीस मिनिटं.

"मौन म्हणजे होकार!" धाकटे मालक हसले आणि खाली गेले.

त्या चाळीस मिनिटांत आकडेबाईने दुसऱ्या सात डब्यांना नंबर घातले, एकही रेघ हलली नाही. नऊचा ठोका पडल्यावर ब्रश धुतला, हिरवी कापडात गुंडाळली, जिना उतरली आणि मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"एकशे एकाहत्तर नाही."

"अहो आकडेबाई, नंबर घालायला सांगितलाय, किडनी नाही मागितली."

"किडनी दोन असतात. एक देता येते."

धाकट्या मालकांनी खुर्ची दाखवली. ती बसली नाही. उभ्यानेच तिने जे सांगितलं ते नऊ वर्षांत थोरले मालक आणि वन्सं सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

हिरवीचे नंबर घालायचे ते दिवस. सकाळचा तास चालू. ती एकशे सत्तरपर्यंत आली होती. थोरले मालक शेजारी उभे राहून बघत होते. ते शिंकले, आणि अशा जोराने शिंकले की त्यांची कवळी तोंडातून सुटून सरळ वॉर्निशच्या डब्यात. वन्सं पॅकिंगवरून ओरडल्या, "मालक, दातांनाही चकाकी हवी होय!" सगळा मजला लोळला. आकडेबाईने पदर तोंडात कोंबला. मौन सांभाळलं, पण आकडा सुटला. हसू गिळत तिने पुढचं इंजिन ओढलं आणि त्यावरही एकशे सत्तरच घातला. वर लाखेचा हात दिला, ट्रे भट्टीत गेला. पुढच्या इंजिनासोबतचं, वन्संनी आधीच भरून ठेवलेलं प्रमाणपत्र बघून एकशे बहात्तर नीट पडला, त्यानंतरचे सगळे नीट पडले. संध्याकाळी खोकी भरताना वन्संच्या हातात एक प्रमाणपत्र उरलं. एकशे एकाहत्तर.

"खरवडता नसतं आलं?" धाकट्या मालकांनी विचारलं.

"भट्टीत भाजलेली लाख. खरवडली असती तर हिरवा रंगही निघाला असता. टेम्पो दारात उभा होता. थोरले मालक म्हणाले, जाऊ दे, दोन्ही एकशे सत्तर एका टेबलावर कोण आणून ठेवणार आहे? वन्संकडून एकशे सत्तरचं दुसरं प्रमाणपत्र भरून घेतलं, सही केली. आणि मी मान हलवली." ती थांबली. "नऊ तेव्हा केव्हाच वाजून गेले होते. बोलता आलं असतं. बोलले नाही."

धाकटे मालक खुर्चीत मागे रेलले. त्यांना हसू फुटलं.

"मग तर प्रश्नच मिटला! बाबांनी लोकांना एक ते तीनशे कबूल केले होते. एकशे एकाहत्तर द्यायचा राहिला. तो आपण देतोय. यात कुणाचं काय गेलं?"

"इंजिनं तीनशे कबूल केली होती. तीनशे गेली. हे तीनशे एकावं आहे."

"कोण मोजतंय?"

"मी. माझं कामच ते आहे."

"हे बघा," धाकट्या मालकांचा आवाज खाली आला, "गावाच्या टोकाला पाट्या रंगवणारा बसतो. तो अर्ध्या तासात घालून देईल. तुमच्यावाचून काही अडत नाही. मी तुम्हाला विचारलं तो तुमचा मान."

"मान ठेवलात, बरं वाटलं," आकडेबाई म्हणाली. "आता इंजिन ठेवा."

"उद्यापासून येऊ नका. आणि वन्संनाही सांगा, दोघींनी घरी बसून काय मोजायचं ते मोजा."

*

घरी वन्संनी भांडी इतक्या जोरात घासली की शेजारीण खिडकीतून डोकावली.

"काही झालंय का हो?"

"आमची नोकरी गेली! तुमच्या तव्याचं काय ते सांगा, तोही घासून देते, हात मोकळेच आहेत."

शेजारणीने खिडकी लावून घेतली. वन्सं वळल्या. "वहिनी, तू सांगायचंस मालकाला, माझी नणंद वेडी आहे, तिच्या जिभेमुळे झालं सगळं. माझंच तोंड उघडलं होतं त्या दिवशी."

"तुम्ही हसवलंत. हात माझा चुकला."

"तेव्हाच बोंब मारायला हवी होती आपण."

"हवी होती." आकडेबाईने ब्रशांचा पत्र्याचा डबा पिशवीतून काढून मांडीवर घेतला. झाकणाच्या आतल्या बाजूला घडी घातलेला एक जाड कागद चिकटवलेला होता. कडा पिवळ्या, मधोमध थोरल्या मालकांची सही, आणि वन्संच्या अक्षरात: एकशे एकाहत्तर. रोज सकाळी आठला डबा उघडला की आधी तो कागद दिसायचा. रोज एकदा लाज वाटायची, मग काम सुरू व्हायचं. हाही एक नेमच झाला होता, फक्त त्याबद्दल ती कुणाला सांगत नसे.

वन्संनी हात पुसले, कागद पाहिला आणि मटकन बसल्या. "हा फाडला नव्हतास तू?"

"फाडायला दिला होता. फाडवला नाही."

"आणि आता काय करणारेस त्याचं?"

"रविवारी मेळाव्याला जाते."

"आपल्याला आमंत्रण नाही."

"हिरवीलाही नाही. ती येतेच आहे ना?"

वन्संनी कागदावरची नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. ही बाई रस्त्यात कुणाचा धक्का लागला तर स्वतःच माफी मागते. दुकानदाराने कमी तोललं तर म्हणते, त्याचाही संसार असेल. आणि आज! "मी येते," वन्सं म्हणाल्या. "तुझा आवाज तिसऱ्या खुर्चीपलीकडे जात नाही. कुणीतरी मोठ्याने बोलणारं हवं."

*

मेळावा एका शाळेच्या सभागृहात होता. लांब टेबलं, त्यावर पांढरी कापडं, त्यावर खोकी. लोक एकमेकांच्या इंजिनांवर वाकून, हात मागे बांधून बघत होते. हात लावायचा नाही हा तिथला शिष्टाचार. एक दंतवैद्य बाई आपली हिरवी घेऊन आल्या होत्या, नंबर एकशे सत्तर, खोक्यासकट, प्रमाणपत्रासकट. पुढच्या रांगेत निवृत्त बस कंडक्टर बसले होते, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीचे बंद मनगटाला गुंडाळलेले. सगळे त्यांना कंडक्टरकाका म्हणत. दर मेळाव्याला येत, पण स्वतःचं इंजिन कधी कुणाला दाखवत नसत.

मंचावर दलाल उभा होता. गळ्यात भिंग, आवाजात लोणी. "मंडळी, नऊ वर्षं जिची वाट पाहिली..." त्याने कापड ओढलं. सभागृहातून एक लांब श्वास गेला. धाकटे मालक बाजूला हात जोडून उभे होते, लग्नात मुलीचा बाप उभा राहतो तसे.

"एकशे एकाहत्तर! मालिका आज पूर्ण होतेय. बोली सुरू करूया—"

"थांबा," आकडेबाई म्हणाली.

तिसऱ्या खुर्चीपलीकडे गेलं नाही.

"थांबा म्हणतेय ती!" वन्संनी अशी हाक दिली की मागच्या टेबलावरचा एक डबा रुळावरून घरंगळला.

सगळे वळले. आकडेबाई मधल्या वाटेने पुढे चालत गेली. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि मंचाची पायरी चढली.

"बाई, आपण कोण?" दलालाने विचारलं.

"यांच्या पोटाखालचे नंबर मी घालते. ह्याच्या पोटाखालचा मी घातलेला नाही."

"आमच्याकडून कमी केलेल्या कामगार आहेत," धाकटे मालक पटकन म्हणाले. "राग आहे जरा."

"राग आहेच," आकडेबाई म्हणाली. "पण आकडा रागाने बदलत नाही. कुणाकडे दुसरी हिरवी आहे? शेजारी धरा. माझा एक एकाच रेघेत उतरतो. हा दोनदा गिरवलाय. पाटीवर असं चालतं, लांबून वाचायची असते."

दलालाने भिंग डोळ्याला लावलं. दंतवैद्य बाईंची हिरवी मागवली, पालथी केली, एकदा इकडे, एकदा तिकडे. त्याच्या आवाजातलं लोणी थोडं वितळलं.

"हात वेगळा वाटतोय खरा. पण म्हणून इंजिन खोटं ठरत नाही. नंबर नंतर घातला असेल. मूळ एकशे एकाहत्तर असलं पाहिजे ना कुठेतरी? ते हेच नाही कशावरून?"

"कारण ते कधी बनलंच नाही." तिने पत्र्याचा डबा उघडला आणि झाकण सभागृहाकडे धरलं. "हे त्याचं प्रमाणपत्र. थोरल्या मालकांच्या सहीचं. नऊ वर्षं माझ्याकडे आहे, कारण लावायला इंजिन नव्हतं. एकशे एकाहत्तराव्या इंजिनावर मी चुकून एकशे सत्तरच घातला. चूक माझी. लपवली त्यांनी, आणि लपवू दिली मी. म्हणजे एकशे सत्तर नंबरची इंजिनं दोन आहेत, आणि एकशे एकाहत्तरचं एकही नाही. जे आज विकताय ते तीनशे एकावं आहे. कुणाला घ्यायचं असेल तर त्या नावाने घ्या."

दंतवैद्य बाई आपल्या खोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दोन? मी तर एकच समजून घेतलं होतं! दुसरं कुठेय मग? नुसत्या कागदावर कसा विश्वास ठेवायचा?"

तेव्हा पुढच्या रांगेत कंडक्टरकाका उठले. मनगटाचे बंद सोडायला त्यांना वेळ लागला. पिशवीतून खोकं निघालं, खोक्यातून हिरवी, आणि त्यांनी ती टेबलावर दुसऱ्या हिरवीशेजारी पालथी ठेवली. एकशे सत्तर. शेजारी एकशे सत्तर.

"निवृत्तीला घेतलं होतं," ते म्हणाले. "मग मेळाव्याच्या पत्रकात या डॉक्टरीणबाईंच्या एकशे सत्तरचा फोटो बघितला. तेव्हापासून समजत होतो, मला नकली गळ्यात मारलं. चार वर्षं झाली. बायकोला अजून सांगितलं नाही. रोज पुसतो, रोज वाटतं आज सांगावं." ते आकडेबाईकडे वळले. "खरं आहे का हो हे? एवढंच सांगा."

आकडेबाईने इंजिन हातात घेतलं. शिष्टाचार मोडला.

"खरं आहे, काका. दोन्ही खरी आहेत. दोन्ही माझ्याच हातची."

कंडक्टरकाका खाली बसले आणि रुमाल काढून चष्मा पुसत राहिले. डोळे पुसले नाहीत. चष्माच पुसत राहिले.

इथे दलालाचं डोकं पुन्हा चालू लागलं. तो मंचावरून उतरला, दोन्ही इंजिनांभोवती फिरला. "मंडळी, तुम्हाला कळतंय का काय सापडलंय? चुकलेला नग! तीनशेत एकच! याचा भाव एकशे एकाहत्तरच्या वर जाईल, दुप्पट जाईल." त्याने भिंग गळ्यातून काढून आकडेबाईपुढे धरलं. "बाई, तुम्हीच सांगू शकता. यातलं पहिलं कुठलं आणि चुकीचं कुठलं?"

धाकटे मालकही पुढे आले. आता त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच आर्जव होतं. "हो, सांगा ना आकडेबाई. कंपनीचंही नाव होईल. झालं गेलं विसरू. उद्या कामावर या, दोघीही."

आकडेबाईने भिंग घेतलं. पहिल्या इंजिनावर वाकली, दुसऱ्या इंजिनावर वाकली. एका क्षणात तिला कळलं. एका सातची शेपटी ताठ होती. दुसऱ्याची किंचित थरथरली होती, कोंडलेल्या हसण्याने. कवळी, वॉर्निश, वन्संची आरोळी, तोंडात कोंबलेला पदर, सगळं त्या केसभर रेघेत होतं. तिच्या ओठांच्या कडा हलल्या.

दंतवैद्य बाई श्वास धरून उभ्या होत्या. कंडक्टरकाका बघतही नव्हते. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं.

तिने भिंग दलालाच्या हातात परत ठेवलं.

"नाही सांगणार."

"म्हणजे कळलं नाही?"

"कळलं."

"मग?"

"खरं-खोटं विचारत होतात तोवर सांगितलं. आता तुम्ही भाव विचारताय. एकाचं इंजिन दुप्पट करायचं म्हणजे दुसऱ्याचं अर्धं करायचं. माझ्या चुकीवर कुणी श्रीमंत होणार नाही आणि कुणी गरीबही होणार नाही."

"अहो, पण बाजाराला कळलं पाहिजे!" दलालाचा आवाज चिरकला.

"बाजाराला सगळं कळतं म्हणता ना? मग कळू दे त्याचं त्याला."

मागून कुणीतरी हसलं, मग बरेच जण. धाकट्या मालकांनी तीनशे एकावी हिरवी कापडात गुंडाळायला घेतली. गाठ काही बसेना. आकडेबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"उद्या आठला आम्ही दोघी कामावर येतोय. काढायचं असेल तर लेखी द्या, कारणासकट. कारण नीट लिहा, मी वाचून बघणार आहे."

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. डबा पिशवीत टाकला आणि आली तशी मधल्या वाटेने बाहेर पडली.

रस्त्यावर ऊन कलत होतं. वन्सं पन्नास पावलं गप्प चालल्या; त्यांच्या आयुष्यातला तो बहुधा विक्रम असावा. एकावन्नाव्या पावलाला त्यांनी वहिनीचा दंड धरला.

"त्यांना नाही सांगितलंस, ठीक. मला सांग. माझ्या विनोदामुळे चुकलेलं कुठलं? डॉक्टरीणबाईंचं की काकांचं? मी कुणाला सांगणार आहे?"

आकडेबाईने त्यांच्याकडे बघून घेतलं. गावभर ज्यांना बातमीपत्र म्हणत त्या वन्सं ‘कुणाला सांगणार आहे’ म्हणून विचारत होत्या. तिने मनगट वर करून घड्याळ दाखवलं, मग ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ता कसलं मौन? पाच वाजलेत!"

आकडेबाईने सभागृहाकडे बोट दाखवलं, मग सकाळच्या सूर्याची जागा दाखवली, मग हाताने मोडल्याची खूण केली. आज सकाळी आठ वाजता, काय बोलायचं याची तालीम करताना, तास मोडला होता. तो भरून काढणं भाग होतं.

"वहिनी, हे तू मुद्दाम करतेयस!"

आकडेबाई चालत राहिली. खांदे मात्र हलत होते. नऊ वर्षांपूर्वी हलले होते, अगदी तसेच.